वाचकांचे प्रश्न : जिम्नॅस्टिक्सची मेहनत आणि कॉलेजचा प्रवेश

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून या अंकातील सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतील पुष्कळ मुले पाच-सहा वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाऊ लागतात, त्यांतली काही तिथे रमतात, आणि ती बारा-तेरा वर्षांची झाली की एवढ्या मेहनतीचा पुढे कॉलेजसाठी काही उपयोग होईल का, असा प्रश्न आईवडिलांना पडतो. माझी मुलगी याच वाटेने लेव्हल १० पर्यंत (क्लब जिम्नॅस्टिक्सच्या पायऱ्यांतील सर्वांत वरची) गेली आणि नंतर चार वर्षे एका लहान कॉलेजच्या संघातून खेळली. त्या काळात नियम वाचावे लागले, प्रशिक्षकांशी बोलावे लागले आणि माझ्या हातून काही चुकाही झाल्या. पुढची उत्तरे त्या अनुभवातून आली आहेत. या क्षेत्रातील नियम सध्या झपाट्याने बदलत आहेत, तेव्हा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावा.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते आणि लेव्हल ८ मध्ये खेळते. आठवड्याला १८ तास सराव आणि महिन्याला ४५० डॉलर फी, शिवाय स्पर्धांचे शुल्क, लिओटार्ड आणि प्रवास यांचा खर्च वेगळा. जिममधले इतर पालक सांगतात की आता सोडू नका, कॉलेजच्या शिष्यवृत्तीत सगळे वसूल होईल. माझ्या यजमानांचे मत असे की हाच वेळ तिने अभ्यासाला दिला तर जास्त फायदा होईल. मुलीला मात्र जिम सोडायची नाही. आम्ही काय करावे?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, ‘वसूल होईल’ हा शब्द मीही प्रेक्षकांच्या बाकांवर बसून अनेकदा ऐकला आहे, म्हणून आधी त्याचा हिशेब मांडू. तुम्ही दिलेल्या आकड्याप्रमाणे वर्षाची फी ५,४०० डॉलर होते. मुलगी बारावी संपवीपर्यंत सुमारे पाच वर्षे धरली तर केवळ फीचे २७,००० डॉलर होतात, आणि लेव्हल वाढेल तसे सरावाचे तासही वाढतील, फीही वाढेल. ही रक्कम बाजूला टाकली तर ती कॉलेजसाठी नक्की हाती राहते. शिष्यवृत्तीची मात्र कोणीही खात्री देऊ शकत नाही. त्यामुळे केवळ पैसे परत मिळतील या आशेवर मुलीला जिममध्ये ठेवण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्यावा, असे मी स्पष्ट सांगेन.

आता जागांचे गणित पाहा. अमेरिकेतील कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचे तीन विभाग आहेत आणि ते तिन्ही मिळूनही महिलांच्या जिम्नॅस्टिक्सचे संघ शंभराच्या आतच आहेत. त्यांतील सर्वांत वरच्या डिव्हिजन १ मध्ये साठेक संघ आहेत. एका संघात २० मुली धरल्या, तर दरवर्षी सरासरी पाच जागा रिकाम्या होतात, म्हणजे साऱ्या देशात तीनशेच्या आसपास. आणि त्याच जागांसाठी कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या मुलीही प्रयत्न करत असतात. पूर्वी डिव्हिजन १ च्या प्रत्येक संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. महिलांच्या जिम्नॅस्टिक्ससाठी हा आकडा २० आहे. ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठाला आता विसाच्या वीस मुलींना शिष्यवृत्ती देता येते, मात्र तशी सक्ती कोणावरही नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण ‘शिष्यवृत्त्या वाढल्या’ एवढेच अर्धे वाक्य सध्या सगळीकडे ऐकू येते.

तुमची मुलगी या शर्यतीत मागे पडली आहे का? मुळीच नाही. आठवीत लेव्हल ८, नववीत लेव्हल ९ आणि दहावीत लेव्हल १० हा क्रम अगदी योग्य आहे, कारण कॉलेजचे प्रशिक्षक मुख्यतः लेव्हल १० च्या मुलींमधूनच निवड करतात. तुम्ही न्यू जर्सीत, म्हणजे क्लब जिम्नॅस्टिक्ससाठी केलेल्या देशाच्या भौगोलिक विभागांपैकी सातव्या विभागात आहात. राज्य स्पर्धा, मग विभागीय स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा अशी चढण आहे आणि विभागीय स्पर्धेला कॉलेजचे प्रशिक्षक स्वतः येऊन बसतात. घाई करून एखादी लेव्हल ओलांडू नका. कॉलेजच्या स्पर्धेत आजही पैकीच्या पैकी १० गुणांची जुनी पद्धत चालते. ऑलिंपिकच्या स्तरावर २००६ पासून जी अवघडपणाला अमर्याद गुण देणारी पद्धत आली, ती कॉलेजच्या महिला स्पर्धांत नाही. त्यामुळे कॉलेजचा प्रशिक्षक पाहतो तो नेटकेपणा : उतरताना पाऊल सरकले का, गुडघे जुळलेले होते का, हँडस्टँड पूर्ण सरळ झाला का. अर्धवट जमलेल्या अवघड उडीपेक्षा स्वच्छ साधी उडी तिथे अधिक मोलाची ठरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. कॉलेजच्या सामन्यात व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या प्रत्येक साधनावर संघाच्या सहा मुली उतरतात आणि त्यांतील सर्वोत्तम पाच जणींचे गुण मोजले जातात. म्हणजे चारही साधनांवर खेळणारीच मुलगी हवी असे नाही; बीमवर न डगमगणारी किंवा व्हॉल्टवर दर वेळी पाय घट्ट रोवणारी मुलगी केवळ त्या एका साधनासाठीही घेतली जाते. तुमच्या मुलीचे एखादे साधन असे पक्के असेल, तर पुढच्या दोन वर्षांत ते आणखी पक्के करावे.

पत्रातील यजमानांच्या मुद्द्याकडे मी आता येते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. त्यांनी अभ्यास आणि जिम समोरासमोर उभे केले आहेत. पण मराठी घरातील मुलीची खरी ताकद ही दोन्ही एकत्र असण्यात आहे. एनसीएएच्या डिव्हिजन १ ची किमान अट हायस्कूलच्या १६ मुख्य विषयांची आणि त्यांत चारपैकी २.३ सरासरीची आहे. त्यांतील १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करावे लागतात, म्हणून नववीत विषय निवडताना शाळेच्या समुपदेशकाला या यादीविषयी जरूर विचारा. ही अट तशी सौम्यच आहे, आणि ज्या मुलीचे गुण तिच्या कितीतरी वर असतात तिच्यासाठी आणखी दारे उघडतात. ब्राउन, कॉर्नेल, पेन आणि येल या आयव्ही लीगमधील चार विद्यापीठांत महिलांचे जिम्नॅस्टिक्स संघ आहेत. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मुळीच मिळत नाही, मदत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नानुसार. पण प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाने तुमच्या मुलीसाठी शब्द टाकणे ही गोष्ट लहान नाही. डिव्हिजन ३ मधील कॉलेजेही खेळासाठी पैसे देत नाहीत, मात्र गुणवत्तेसाठी आणि गरजेसाठी देतात. माझ्या मुलीचे कॉलेज अशांपैकीच होते. तिला खेळाच्या नावाने एक डॉलर मिळाला नाही, पण शैक्षणिक गुणवत्तेची मदत मिळाली आणि संघही मिळाला. डिव्हिजन १ साठी ती कमी पडली, हे स्वीकारायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

तुमच्या राज्यातील रटगर्स विद्यापीठाचा संघ बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धा-गटात खेळतो. हिवाळ्यात तिकडचा एखादा सामना मुलीला जरूर दाखवा. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम असतो. क्लबमध्ये एकेकटी खेळणारी मुलगी सगळा संघ एकमेकींसाठी ओरडताना पाहते, तेव्हा हे आपल्याला हवे आहे की नाही याचे उत्तर तिला स्वतःला सापडते.

पत्रव्यवहाराबाबत दोन गोष्टी सांगते. मुलगी दहावी संपवून १५ जूनला पोहोचेपर्यंत कॉलेजचे प्रशिक्षक तिच्याशी निवडीबाबत बोलू शकत नाहीत, आणि अधिकृत भेटी त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून सुरू होतात. तोपर्यंत तिने पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले नाही, तर तो नकार समजू नये. ईमेल वाचले जातात, व्हिडिओ पाहिले जातात, नोंद ठेवली जाते. दुसरी गोष्ट माझ्या चुकीतून शिकलेली आहे. मुलीला वेळ नाही म्हणून तिच्या नावाने ईमेल मी लिहीत असे. एका प्रशिक्षिकेने अतिशय सभ्यपणे कळवले की पुढचे पत्र मुलीचे स्वतःचे आले तर बरे होईल. तो संघ आमच्या हातून तिथेच गेला, असे मला आजही वाटते. तेराव्या वर्षापासून तिला स्वतः लिहू द्या, चुका झाल्या तरी चालतील. पुढे तोंडी आश्वासन मिळालेच, तर ते दोन्ही बाजूंना बांधील नसते हेही ध्यानात असू द्या. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने सही करून द्यायचे बांधील संमतिपत्र, २०२४ मध्ये बंद झाले आणि आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच आधार आहे.

शेवटी पैशांपेक्षा आणि प्रवेशापेक्षा मोठी गोष्ट. २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या लॅरी नासर प्रकरणात शेकडो मुलींवर अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने उपचारांच्या नावाखाली वर्षानुवर्षे अत्याचार केल्याचे समोर आले, आणि त्या मुलींपैकी अनेकींचे कोणी ऐकून घेतले नव्हते. त्यानंतर २०१७ मध्ये सेफस्पोर्ट ही स्वतंत्र तक्रार यंत्रणा उभी राहिली. तुमच्या जिममध्ये सराव पाहायला पालकांना बसू देतात का, दुखते असे सांगितल्यावर प्रशिक्षक थांबवतात की रागावतात, जेवणावरून आणि वजनावरून टोमणे मारतात का, या गोष्टींची चौकशी करा. उत्तर समाधानकारक नसेल तर जिम किती नावाजलेली आहे याचा विचार न करता ती बदला.

प्रश्न : आम्ही एच-१बी व्हिसावर असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. मुलगा एच-४ वर आहे, वय १६, अकरावीत. जिम्नॅस्टिक्समध्ये लेव्हल ९ ला असून पॉमेल हॉर्सवर (दोन मुठी असलेल्या घोड्यावर) त्याचा हात चांगला बसला आहे. टेक्सासमध्येच राहून खेळाच्या आधारे कॉलेजात प्रवेश मिळेल का? व्हिसाची अडचण येईल का?
— एक वडील, प्लेनो, टेक्सास

उत्तर : दादा, टेक्सासपुरते उत्तर नाही असेच आहे. एवढ्या मोठ्या राज्यात मुलांचा एनसीएए संघ एकही नाही. मुलींसाठीही डिव्हिजन १ चा संघ नाही, डेंटनमधील टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीचा डिव्हिजन २ चा संघ आहे. मुलांची वाट मुलींपेक्षा फार अरुंद आहे. देशभरात मुलांचे एनसीएए संघ पंधराच्या आसपास उरले आहेत. आयोवा आणि मिनेसोटा या जुन्या संघांचा तर २०२१ मध्ये शेवटचा हंगाम झाला. तुमच्या जवळचा मोठा संघ ओक्लाहोमाचा. पूर्वी मुलांच्या एका संघाला एकूण ६.३ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या तुकड्यांनी वाटल्या जात. आता तिथेही तडजोडीनुसार २० खेळाडूंची मर्यादा आली आहे. मुलांच्या संघांत पूर्वी विनाशिष्यवृत्ती येऊन हळूहळू वर चढणारे खेळाडू असत. विसाची मर्यादा सर्वांत जास्त अशा मुलांनाच जाचेल, अशी मला काळजी वाटते.

तरीही वाट बंद झालेली नाही. ह्यूस्टनमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा राज भावसार ओहायो स्टेटच्या संघातून खेळला; २००८ मध्ये तो अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा राखीव खेळाडू होता आणि संघातील पॉल हॅमने माघार घेतल्यावर मुख्य संघात येऊन त्याने बीजिंगला सांघिक कांस्यपदक मिळवले. त्यानंतर अमेरिकेच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमधील सांघिक पदकासाठी १६ वर्षे थांबावे लागले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ते मिळवणारे पाचही जण स्टॅनफर्ड, मिशिगन आणि पेन स्टेट या कॉलेजांच्या संघांत घडलेले होते. त्यांतील स्टीफन नेडोरोसिक हा पेन स्टेटचा, आणि तो खेळतो ते फक्त पॉमेल हॉर्सवर. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आशा वाटते ती याच कारणाने. पॉमेल हॉर्स हे पुष्कळ संघांचे दुखणे असते आणि त्यावर न पडणारा मुलगा प्रशिक्षकांना हवाच असतो. मात्र अकरावीत लेव्हल ९ म्हणजे वेळ थोडा उरला आहे. या हंगामात लेव्हल १० गाठणे शक्य आहे का, हे त्याच्या प्रशिक्षकांना रोखठोक विचारा, आणि पॉमेल हॉर्सचा संपूर्ण कसरतीचा, न कापलेला व्हिडिओ त्याने याच महिन्यात सर्व संघांना पाठवावा. त्याच्या बाबतीत १५ जूनची तारीख उलटून गेली असल्याने प्रशिक्षकांना उत्तर देण्याची मोकळीक आहे.

व्हिसाविषयी सांगायचे तर खेळाच्या शिष्यवृत्तीला नागरिकत्वाची अट नाही. एनसीएएच्या संघांत परदेशी विद्यार्थी पुष्कळ आहेत. पण आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या तीन लष्करी अकादमींचे संघ, जिथे शिक्षण मोफत असते, ते अमेरिकन नागरिकांसाठी आहेत, म्हणजे मुळात थोड्या असलेल्या संघांतून तुमच्यासाठी तीन वजा झाले. केंद्र सरकारची विद्यार्थी मदतही एच-४ वरील मुलांना मिळत नाही. मुलगा २१ वर्षांचा होण्यापूर्वी ग्रीन कार्ड हाती आले नाही तर त्याला एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल, त्याची तयारी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच ठेवा. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावण्याची परवानगी आहे. मित्र तसे करतात म्हणून त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एकही करार करू नये. खेळाचा नियम परवानगी देतो म्हणून व्हिसाचा नियम देतोच असे नाही.

एनसीएएचा संघ मिळाला नाही तरी जिमअॅक्ट नावाच्या संघटनेखाली काही विद्यापीठांचे मुलांचे संघ आपापल्या बळावर चालतात आणि आपसांत स्पर्धा घेतात. तिथे शिष्यवृत्तीची अपेक्षा ठेवू नये, पण खेळ सुटत नाही.

प्रश्न : मी १५ वर्षांची असून दहावीत आहे. मी सात वर्षे रिदमिक जिम्नॅस्टिक्स करते आणि राज्य स्पर्धेत मला पदके मिळाली आहेत. माझी आत्येबहीण अमेरिकेत असते, ती म्हणते की तिथे जिम्नॅस्टिक्सवर कॉलेजात फुकट शिकता येते. मी आणि माझी मैत्रीण (ती आर्टिस्टिक करते) तिकडे अर्ज करू शकतो का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुझे पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटले, कारण तुला हे कोणीतरी आधीच सांगायला हवे होते : रिदमिक जिम्नॅस्टिक्स हा एनसीएएचा खेळ नाही. चेंडू, रिंग, रिबन आणि क्लब्ज यांवरचे तुझे कौशल्य कितीही उत्तम असले तरी त्यासाठी तिथल्या कॉलेजांत संघही नाही आणि शिष्यवृत्तीही नाही. आत्येबहीण बोलते आहे ते आर्टिस्टिकबद्दल, म्हणजे व्हॉल्ट, बार्स, बीम अशा साधनांवरच्या प्रकाराबद्दल. अमेरिकेतील कॉलेजांना तू इतर विद्यार्थ्यांप्रमाणे अर्ज करू शकतेस, आणि अर्जात सात वर्षांची ही साधना नक्कीच वजनदार ठरेल. मात्र प्रवेश मिळेल तो तुझ्या गुणांवर, आणि खर्चाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल.

मैत्रिणीसाठी दार उघडे आहे, पण उंच आहे. तिच्या कसरतींची तुलना अमेरिकेतील लेव्हल १० च्या मुलींशी होईल. तिने नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका नीट जपाव्यात, कारण एनसीएएचे पात्रता केंद्र त्या तपासते. तिला मिळालेल्या प्रत्येक रोख बक्षिसाची रक्कम, तारीख आणि ते कोणी दिले याची नोंद ठेवावी, कारण हौशी खेळाडू असल्याचे दाखवून द्यावे लागते. बारावीनंतर नुसता सराव करण्यात वर्षे गेली तर खेळण्याची वर्षे कमी होऊ शकतात, म्हणून अर्ज बारावीच्या आधीच्या वर्षात सुरू करावेत.

तुझ्यापुरते म्हणशील तर आधी घरचे पाहा. दहावीच्या परीक्षेसाठी क्रीडा गुणांची सवलत शाळेमार्फत मागावी लागते. प्रमाणपत्रे कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते आजच मुख्याध्यापकांना विचार, कारण मुली पदके मिळवतात आणि कागद वेळेवर न दिल्यामुळे सवलत गमावतात, असे मी पाहिले आहे. पुढे कॉलेजात गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शिकवण्याची आवड असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका घेता येते. आणि शिक्षण मागे टाकायचे नाही, हे आपल्याच देशातील दीपा कर्माकरकडून शिकण्यासारखे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले आणि ती चौथी आली. भारतात परतताच ती विद्यापीठाच्या परीक्षेला बसली होती.

प्रश्न : माझी नात शिकागोजवळ राहते, वय १५. आठ वर्षे जिम्नॅस्टिक्स केले, लेव्हल ९ पर्यंत पोहोचली. यंदा पाठीच्या मणक्याच्या हाडाला बारीक भेग पडल्याचे निघाले आणि डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितले. माझी सून फोनवर रडते की कॉलेजच्या तोंडावर सगळे वाया गेले. नात काहीच बोलत नाही. मी स्वतः लहानपणी महाराष्ट्रीय मंडळात व्यायामाला जात असे, त्यामुळे तिचे मन मला कळते. खरेच सगळे वाया गेले का?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, आपल्या नातीचे मन आपल्याला कळते असे आपण लिहिले आहे, म्हणून सगळ्यांत आधी तिचा विचार करू. ती गप्प आहे, कारण तिच्यासाठी हा कॉलेजचा प्रश्नच नाही. रोज चार तास जिथे जात होती ती जागा, तिथल्या मैत्रिणी आणि स्वतःची ओळख हे सगळे एका तपासणीच्या दिवशी तिच्या हातून गेले आहे. त्यातच आईला रडताना पाहिले, की आपल्या दुखण्यामुळे घरच्यांचे नुकसान झाले असे मुलीला वाटू लागते. सूनबाईंना एवढे अवश्य सांगा की पुढचे काही महिने तिच्यासमोर कॉलेजचा विषय काढू नये. पाठीच्या कमानीवर वारंवार ताण आल्याने अशी भेग जिम्नॅस्ट मुलींत पुष्कळदा आढळते, आणि पुरेशी विश्रांती घेतली तर अनेक मुली त्यातून पूर्ण बऱ्या होतात. घाई केली तर दुखणे कायमचे बसते.

वाया गेले का, या प्रश्नाचे उत्तर ती बरी झाल्यावर तिच्या डॉक्टरांच्या संमतीवर काहीसे अवलंबून आहे. त्यांनी परवानगी दिली तर अॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग हा मुलींचा सांघिक खेळ तिथल्या कॉलेजांत झपाट्याने वाढतो आहे. २०२० मध्ये एनसीएएने त्याला उदयोन्मुख खेळ म्हणून मान्यता दिली. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचा संघ त्यात दीर्घकाळ आघाडीवर आहे. त्यात बार्स नाहीत आणि बीमही नाही, आणि जिम्नॅस्टिक्स सोडलेल्या मुलींनीच हे संघ मोठ्या प्रमाणावर भरलेले असतात. डायव्हिंग आणि पोल व्हॉल्ट या खेळांचे प्रशिक्षकही जुन्या जिम्नॅस्ट मुलींना आवर्जून घेतात, कारण हवेत असताना आपले शरीर कुठे आहे याचे भान त्यांना आधीच असते. पण डायव्हिंगमध्ये पाठीवर जोर येतो, तेव्हा तिच्या बाबतीत ते चालेल की नाही हे डॉक्टरच सांगतील. ज्यांना चुरस नको, नुसता आनंद हवा, त्यांच्यासाठी हजारापेक्षा अधिक मुले-मुली एकत्र जमतात असे कॉलेज क्लबांचे राष्ट्रीय मेळावे एनएआयजीसी ही संघटना भरवते. तिथे एकच साधन खेळले तरी चालते.

आणि काहीच खेळायचे नाही असे ठरले तरी कॉलेजच्या अर्जात ही आठ वर्षे दिसतातच. आपला खेळ अचानक थांबल्यावर आपण काय केले, हे प्रामाणिकपणे लिहिलेला निबंध प्रवेश समितीला पदकांच्या यादीपेक्षा अधिक सांगतो. माझ्या मुलीच्या जिममधील एका मुलीने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलींना शिकवायला सुरुवात केली, तिथून तिला शरीरशास्त्राची गोडी लागली, आणि आज ती फिजिओथेरपी शिकते आहे. खेळ सोडल्यानंतर चार महिने तीसुद्धा कोणाशी बोलत नव्हती. आपली नात थोडी सावरली, की सूनबाईंनी तिच्या जुन्या जिममध्ये विचारून पाहावे. शनिवारी सकाळच्या बालवर्गांना मदतनीस मुली लागतातच, आणि बीमवर पहिल्यांदा चढलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरायला पाठीवर ताण घ्यावा लागत नाही.